कोल्ड स्टोरेजमागचं वळण

४ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

इकडे सगळं ठीक. तुझी पाठ कशी आहे? गादी बदल म्हणून सांगून मी थकले, पण ऐकशील तर तू कसला.

आता माझं काम. आमच्या शालेय शब्दकोशात मी ‘इन्स्टिंक्टिव्हली’ या शब्दापाशी अडून बसले आहे. डोक्याला कळायच्या आत अंग काहीतरी करून मोकळं होतं, असा अर्थ. मी ‘सवयीने’ लिहिलं, तर संपादकांनी लाल रेघ मारली. सवय लावून घ्यावी लागते, हे न शिकवता येतं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय हा शब्द बहुतेकदा समोर काही आलं की वापरतात. वाफ लागली आणि हात मागे आला, तसं. तू इतकी वर्षं बस चालवतोस, विचार न करता पाय ब्रेकवर जात असेलच. त्यावरून एखादं वाक्य पाठव, पुस्तकी नको.

तुझ्या छोटीला माझा पापा दे, आणि मला विसरू नका म्हणजे झालं.

तुझी,
ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला वाक्य हवंय आणि इथे त्याच पायापायी माझी नोकरी जायची वेळ आली आहे.

आमच्या मार्गावर कोल्ड स्टोरेजच्या मागे एक वळण लागतं. रस्ता रुंद, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला रिकामं मैदान. लख्ख दुपार असते. तिथे पोचलो की माझा पाय ब्रेकवर जातो. समोर काहीही नसतं. आज नाही दाबायचा असं ठरवून निघतो, तरी पाय गेलेला असतो. परवा एक आजीबाई सीटवरून पडल्या, त्यांचं मनगट मोडलं. मॅनेजरसाहेबांनी बोलावून सांगितलं की आणखी एक तक्रार आली तर मला घरी बसवतील.

आमच्या सगळ्या ड्रायव्हरांचं तिथे हेच होतं. एकमेकांचं बघून होत असेल, असं मला वाटायचं. म्हणून परगावाहून नवा ड्रायव्हर आला तेव्हा त्याला कुणी काही सांगितलं नाही. पहिल्याच फेरीत त्याने तिथे बस थांबवली, खाली उतरला आणि चाकांपुढे बघून आला. का, ते त्याला सांगता येईना.

आणि काल छोटी माझ्या बसमध्ये होती. वळण यायच्या आधीच तिने दांडा दोन्ही हातांनी धरला. तिला त्या रस्त्याने मी आजवर कधी नेलं नव्हतं.

बायको म्हणते, साहेबांचं ऐका. मला नोकरीची भीती वाटते आणि त्या वळणाचीही. तू मोठी आहेस, काय करू ते कळव. लवकर लिही, जीव टांगणीला लागला आहे.

तुझा,
ढब्बू

१७ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

आधी हसू आलं, मग काळजी वाटली. अरे, नव्या माणसाच्या कानावर डेपोतल्या गप्पा गेल्याच असतील. छोटीने तुझे आवळलेले खांदे पाहिले असतील, पोरांना सगळं कळतं. अंग सांगतं ते सगळं खरं मानायचं तर मी झुरळ दिसताच स्टुलावर चढते, तेही शहाणपणच म्हणावं लागेल.

घर तुझ्या पगारावर चालतं. रस्ता मोकळा दिसतोय ना? मग वळण पार होईपर्यंत पाय ॲक्सिलरेटरवरून उचलू नकोस. एकदा केलंस की भीती मोडेल. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला.

तुझ्या भल्याचंच सांगते, रागावू नकोस.

तुझी,
ताई

२६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. बसमध्ये मी आणि कंडक्टर दोघंच होतो. वळण दिसलं तसा पाय आपोआप उचलला जायला लागला, म्हणून मी गुडघा हाताने दाबून धरला. बस तशीच पुढे गेली. एक धक्का बसला, आधी पुढच्या चाकाला, मग मागच्या. कंडक्टरने आपणहून बेल मारली. आम्ही उतरून पाहिलं. रस्ता कोरडा आणि सपाट होता. खड्डा नाही, दगड नाही, चाकांना काही लागलेलं नाही.

तेव्हापासून तिथे माझा पाय हलत नाही. बस वेळेवर पोचते, साहेबांनी पाठ थोपटली, बायको खूश आहे. मग मी बाकीच्या ड्रायव्हरांना सहज विचारलं. त्याच दिवसापासून त्यांचेही पाय ब्रेकवर जात नाहीत. मी त्यांना काही बोललो नव्हतो. नवा ड्रायव्हर म्हणाला की आता तिथे काही नाही. काल मुद्दाम छोटीला नेलं. ती गाणं म्हणत बसली होती, दांड्याला हातही लावला नाही.

इतकी वर्षं आम्ही सगळे ज्याला वाचवत होतो, त्याच्यावरून मी बस नेली, ताई.

तुझ्या सांगण्यावरून झालं असं मनात आणू नकोस. पाय नकोच म्हणत होता. दाबून धरणारा हात माझा होता.

माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझा,
ढब्बू