वाकलेल्या माणसाचे गुण

नाना, आज दुपारी ऑफिसात माझं कौतुक झालं आणि मला स्वतःची शिसारी आली. दोंडाईच्याजवळच्या सोलर प्रकल्पाच्या तारेच्या कुंपणावर ड्रोन फिरतात, तुम्ही करायचात तशी राखण करतात. दोन ठिकाणी एकदम हालचाल दिसली तर आधी कुठं जायचं, हे त्यांना मी शिकवते. एका बॅटरीत जितकी प्रकरणं निकाली निघतील तितके गुण, असा नियम मी लिहिला. यंत्र लबाड निघालं; खरं तर मीच. केबल चोरणारे मोटारसायकलवरून पळतात, त्यांच्यामागे बॅटरी संपते. गवत कापणारी बाई कुठं पळणार? ड्रोन चोरांना सोडून बायकांवर जायला लागला. निकाली प्रकरणांचा ढीग लागला आणि साहेब खूश.

आज पडद्यावर एक म्हातारी होती, कुंपणाबाहेर वाकून गवत कापत होती. डोक्यावर घरघर आली तशी ती उभी राहिली, विळा खाली ठेवला, बांधलेला भारा सोडला आणि एकेक पेंढी वर धरून आकाशाला दाखवू लागली. आत काही लपवलं नाही म्हणून. खोलीतले सगळे खो खो हसले. गार्डनं जाऊन तिचा विळा काढून घेतला आणि फोनवर मलाच म्हणाला, "मॅडम, तुमनं यंत्र भारी शे!" मी त्याला थँक्यू म्हटलं, नाना. जीभ झडली नाही माझी. सोमवारपासून हाच नियम कंपनीच्या सगळ्या कुंपणांवर चालणार आहे.

तुम्ही पाचोऱ्याच्या जिनिंगवर राखणीला होतात. मी लहान आहे, तुमचा डबा घेऊन आलेय, आणि तारेपाशी एक बाई वाकून मातीतला उडालेला कापूस वेचतेय. मी बोट दाखवून "चोर, चोर!" ओरडते. तुम्ही धावत नाही. मोठ्यानं खाकरता, काठी आपटत सावकाश निघता. तुम्ही पोचेपर्यंत ती गेलेली असते. मग परत येऊन माझा कान पिळता. "वाकेल मानूसले चोर म्हनू नको. चोर वाकस नही, तो गेटमाईन येस." गेटातून येतो तो चोर, एवढं सांगून त्या दिवशी तुम्ही डबा तसाच परत पाठवलात.

मी तर ड्रोनचा आवाज कमी करायला लावला, माणसं आधीच सावध होतात म्हणून.

नियम बदलायला दोन ओळी पुरतात. त्या लिहून ठेवल्यात, साहेबांना दाखवलेल्या नाहीत. दाखवल्या तर आकडे कोसळतील आणि साहेबांचं तोंड कडू होईल. म्हणून इथं तुम्हाला लिहीत बसलेय, ज्यांचं उत्तर यायचं नाही अशा माणसाला. सोपं असतं हे.

एक मात्र तेव्हा सांगितलं नव्हतं. ती बाई चोर नाही, हे मला कळत होतं. जिनिंगचे मालक गेटापाशी उभे होते, त्यांना ऐकू जावं म्हणून मी ओरडले. डबा घेऊन मी परत निघाले तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "शाबास" म्हणाले. कान दुखत होता, तरी घरापर्यंत मी हसत गेले.