प्रभूच्या मेजापर्यंत

आई,

आज उपासनेत एक मुलगी माझ्यासमोर आली आणि माझ्या हातातला ट्रे असा हलला की प्रभुभोजनाचे छोटे पेले एकमेकांवर किणकिणले. पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "बाई, शुगर कमी झाली का?" शुगर कसली डोंबलाची! मला तू दिसत होतीस. तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी जेवण उरकून इथे कर्वेनगरच्या गॅलरीत वही घेऊन बसले आहे, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. हो, ट्रे माझ्याच हातात. तुझ्या वेळी हे काम फक्त पुरुषांचं होतं, आता मंडळीनं मला निवडून दिलंय. मेजासमोरच्या कठड्यापर्यंत यायला जी पोरगी तयार नव्हती, ती आता कठड्याच्या पलीकडे उभी राहून लोकांना पेला देते. हस तू पोटभर.

माझ्या दृढीकरणाचा रविवार तू विसरली नसशील. मला तेरावं सरलं होतं. नाना पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत तो पांढरा झगा महिनाभर खुंटीला लटकत होता, वर जुनी चादर, कारण तुला धुळीचा भारी धसका. हॉस्पिटलच्या ड्यूट्या सांभाळून तूच शिवलेला, हाताला जरा घट्टच झालेला. बिशपसाहेब येणार, डोक्यावर हात ठेवणार, आणि मग आम्ही नऊ जण पहिल्यांदा प्रभुभोजनाची भाकरी आणि पेला घेणार. त्यासाठी वर्षभर धडे पाठ केलेले. उपासनेला अर्धा तास उरलाय आणि मी चर्चमागच्या बाथरूममध्ये उभी आहे, चड्डीवर आयुष्यातला पहिला डाग. बाहेर महिला मंडळाच्या अध्यक्षबाई मुलींच्या डोक्यावर जाळीच्या ओढण्या पिनांनी बसवत होत्या. रडत रडत मी त्यांनाच सांगितलं. त्या वाईट नव्हत्या गं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "आज मागच्या बाकावर बस हं बाळा. पुढच्या महिन्यात घेशील. अशा दिवसांत देवाच्या मेजाला हात लावू नये." मी मान डोलावली. कुणी रागावून सांगितलं असतं तर निदान मनातून भांडले तरी असते. इतक्या मायेनं सांगितल्यावर मला ते खरंच वाटलं.

असं कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. पणजोबांनी धर्म बदलला, नाव बदललं, पण हा विटाळ गाठोड्यात बांधून तसाच सोबत आणला. त्या दिवसांत बायका डोकं दुखतंय म्हणून बाकावर बसून राहायच्या आणि सगळ्या चर्चला कळायचं काय ते. तूसुद्धा बसायचीस, आई. मी पाहिलंय. बाळंतपणाच्या वॉर्डात दिवसभर रक्तात हात घालणारी, मोठ्या डॉक्टरांना तोंडावर सुनावणारी तू, आणि त्या एका रविवारी खाली मान घालून गपचूप बाकावर. म्हणून तू मला शोधत बाथरूमपाशी आलीस तेव्हा मला वाटलं, आता आईही तेच म्हणेल.

तू आधी दार लावून घेतलंस. पर्समधून कापडाची घडी आणि दोन पिना काढल्यास आणि वॉर्डातल्या पेशंटला करावं तसं दोन मिनिटांत मला ठाकठीक केलंस. बाहेर आलो तर अध्यक्षबाई दारातच.

"अहो, पोरीला आज मागे बसवा. आपल्यात पाळतात."

"आपल्यात म्हणजे कुणात?"

"म्हणजे... सगळेच पाळतात. तुम्हीसुद्धा पाळता की!"

तुझा चेहरा लाल झाला. क्षणभर मला वाटलं, हरली आई. मग तू अगदी शांतपणे विचारलंस, "बाई, त्या पेल्यात काय आहे म्हणून आपण घेतो?"

त्यांनी हातातली ओढणीची पिन दातांत धरली.

"रक्तच ना? प्रभूचं रक्त आपल्याला चालतं, आणि त्यानंच दिलेल्या अंगातलं आपलं रक्त त्याला चालणार नाही? माझं चुकलं इतकी वर्षं. हिचं नाही चुकू देणार."

अध्यक्षबाई दातांत धरलेली पिन काढायच्याच विसरल्या. तू माझं मनगट धरलंस आणि निघालीस. मी काही ऐटीत चालत नव्हते, हे तुला ठाऊकच आहे. मी टाचा रोवून मागे ओढत होते. "आई, सोड ना, सगळे बघतायत." तू ओठसुद्धा न हलवता म्हणालीस, "बघू देत. डोळे त्यासाठीच दिलेत." बिशपसाहेबांचा हात डोक्यावर पडला तो मला कळलाही नाही. पण नंतर मेजाच्या वेळी पुन्हा मागून कुजबुज सुरू झाली, माझे पाय पुन्हा अडले, आणि तू बाकावरून उठून पुन्हा मनगट धरून मला कठड्यापर्यंत नेलंस. पप्पा सेवा करणाऱ्यांत होते. भाकरीची ताटली धरलेली, नजर गीतपुस्तकावर. माझ्यासमोर आले तेव्हा मात्र त्यांनी ताटली जरा जास्तच खाली केली, मला सोपं जावं म्हणून.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात फुगून बसले. कांदा परततानाही तू पाठ वळवून बोलतच होतीस. शुभवर्तमानातल्या त्या रक्तस्राव न थांबणाऱ्या बाईबद्दल. "बारा वर्षं अंगावरनं जातंय, किती हिमोग्लोबिन उरलं असेल तिचं? उभं राहवत नसेल. तरी गर्दीत घुसली आणि प्रभूच्या कपड्याला हात लावला. आता हा हिला झापणार म्हणून सगळे थांबले. तशीच गपचूप बरी करून पाठवली असती तरी चाललं असतं की. पण नाही. चारचौघांत पुढे बोलावलं आणि मुलगी म्हणाला तिला. कळलं का? लोकांनी बारा वर्षं जिला शिवलं नाही, तिला तो सगळ्यांसमोर मुलगी म्हणाला. आता फुगायचं तर फूग, पण जेवून घे." मी जेवले आणि दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू मात्र त्यानंतर एकही रविवार बाकावर बसून राहिली नाहीस. आधी तू, मग आपल्या रांगेतल्या दोघी, मग कोण कुठल्या दिवसांत आहे हे कुणाला कळेनासंच झालं. भाषण नाही, सभा नाही. बायका नुसत्या उठून जायला लागल्या!

आजचं सांगते. बारा वर्षं झाली, दृढीकरणाच्या मुलींचा वर्ग मी घेते. त्यांना गणित शिकवावं तसं दामटून शिकवते की देवानं बाईला स्वतःच्या प्रतिरूपात घडवलंय, उरल्यासुरल्या मातीतून नाही. वर्गात तो रविवारही सांगते. आज यंदाच्या मुलींचं पहिलं प्रभुभोजन, आणि सकाळीच हडपसरहून एका मुलीच्या आईचा फोन आला. "टीचर, तिचं आज नाही जमणार."

"ताप आहे?"

"नाही हो. तुम्हाला कळतं ना. सासूबाई म्हणतात, पुढच्या वेळी घेऊ."

म्हणजे जुना विटाळ नव्या फ्लॅटमध्येही राहायला आलेला! मी म्हणाले, "कळतं, म्हणूनच सांगते. घेऊन या." तिनं फोन ठेवला. उपासना सुरू झाली तरी त्यांचा पत्ता नाही. दुसऱ्या गीताला तिघी आल्या आणि आजीनं पोरीला मधे घालून अगदी मागच्या बाकावर बसवलं. मेजाची वेळ झाली आणि मला इकडे पुढे ट्रे धरून उभं राहणं भाग. आता तुझ्यासारखं जाऊन तिचं मनगट धरायचं तर मेज सोडून जावं लागणार. मी पाय उचललाच होता. तेवढ्यात ती पोरगी उठली. आजीच्या गुडघ्यांना ओलांडून बाहेर आली आणि मधल्या वाटेनं चालत निघाली. एकटी. पांढरा ड्रेस, ताठ मान, कुणाकडे बघणं नाही. सगळ्यांच्या आधी कठड्यापाशी येऊन गुडघे टेकले तिनं. तिच्या मागे बघते तर तिची आई उठलेली, डोळे पुसत येत होती. आजी बसून राहिली, पण पेला घेताना नात दिसावी म्हणून मान उंच करून बघत होती. मी स्वतःशीच म्हणाले, आई, बघ गं! मला ओरडावंसं वाटत होतं, आणि चर्चमध्ये ओरडता येत नाही म्हणून ट्रे हलला.

उपासनेनंतर अंगणात ती धावत आली. "टीचर, जाम घाबरले होते मी. पण म्हटलं, तुम्ही माझ्यापेक्षा लहान असताना एकट्या उठून गेला होतात, सोबत कुणी नव्हतं. मग मला काय धाड भरलीये?"

वर्गात मी ती गोष्ट अशीच सांगते, आई. त्यात मी डोळे पुसते, ओढणी नीट करते आणि एकटीच चालत जाते. अध्यक्षबाईंना पेल्याचा प्रश्नही मीच विचारते. ज्या मुलींच्या आया तुझ्यासारख्या नाहीत त्यांनी हिरमुसू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. पहिल्या वर्षी मुलींचे डोळे चमकले आणि मग ती गोष्ट मागे घेववली नाही, हे खरं. ही पोरगी मात्र खरंच एकटी आली. तिथल्या तिथे तिला सांगायला हवं होतं की मी टाचा रोवल्या होत्या आणि मला आईनं ओढत नेलं. तिनं माझा हात घट्ट धरला होता, भोवती चारजणी कौतुकानं बघत होत्या. मी नाही सांगितलं. छान वाटत होतं गं.