बावट्याच्या रंगाची गाडी

घोडनदी (शिरूर),
फेब्रुवारी १९५४

प्रिय बन्यामीन,

सप्रेम सलाम. माझं हस्ताक्षर पाहून तू आधी पाकीट उलटंपालटं करून बघशील, आणि राहेलवहिनी चुलीपासून विचारतील, "कोण गेलं?" कुणी गेलेलं नाही. प्रभूच्या कृपेनं सगळे खुशाल आहेत. कृपाची कंबर दुखते, पण तोंड ठीक आहे. मी एक गाडी मागवली आहे आणि तिच्या रंगापाशी अडलो आहे. तो रंग तुझ्याजवळ आहे, म्हणून हे पत्र. महिनाअखेरच्या आत उत्तर हवं, नाहीतर गाडी हातची जाईल. गाडी गेली तर फारसं बिघडत नाही, पण तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट जाईल, ती मला जाऊ द्यायची नाही. ती कोणती, ते ओघानं सांगतो.

गाडीचं असं झालं. गेल्या नाताळच्या आधी नगरकडून पुण्याला निघालेला एक लष्करी साहेब आपल्या पुलाशी बंद पडला. गाडी विलायती, बुटकी, लांब नाकाची, टप मागं दुमडणारी. रेसची म्हणतात तसली. माझा मिस्त्री हरिबा बॉनेट उघडून नुसता बघत राहिला. मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली. एक व्हॉल्व्ह उशिरा बसत होता, बाकी काही नाही. दुरुस्ती झाल्यावर साहेबानं खूश होऊन मला शेजारी बसवलं आणि रस्त्यावर पळवलं. बन्या, आपल्या चर्चमधल्या पेटीचा खालचा सूर आठवतो? तोच सूर, पण पळणारा. माझ्या बसगाड्या आयुष्यभर खोकतच चालल्या. हे इंजिन गात होतं. लोक गाडी डोळ्यांनी पसंत करतात, मी कानांनी केली.

मुंबईला एजंटाकडं गेलो तर तिथं रांग. परवान्यावर येणाऱ्या गाड्या मोजक्या, आणि मागणारे सगळे बडे. मला बाकावर बसवून ठेवलं. आतल्या खोलीत कारकून फोनवर हळू आवाजात बोलत होता, की कुठल्याशा संस्थानिकानं मागणी मागं घेतली म्हणून. मी उठलो, आत गेलो आणि म्हणालो, "ती सुटलेली गाडी माझ्या नावावर लिहा." तो गार पडला. "तुम्हाला कुणी सांगितलं?" म्हटलं, "आमचं मिशनच्या माणसांचं वर थेट बोलणं असतं."

घरी मात्र आनंद होता. कृपा म्हणाली, "दोनच जागा? नातवंडं धरून अकरा माणसांचं घर आपलं. ह्या वयात तुम्ही कुणाला शेजारी बसवणार आहात, ते तरी कळू द्या." आणि आपल्या नदीकाठच्या मळ्यातले मारुतराव मुद्दाम वाट वाकडी करून आले. म्हणाले, "शलमोनराव, दोन माणसांची गाडी म्हंजी एकट्या तुमच्याच मापाची की! वहिनी काय टपावर बसणार हायत?" त्यांच्या वांग्यांच्या पाट्या माझ्याच लॉरीतून पुण्याला जातात, तरी हे बोलणं. मी हसलो. दुसरी जागा कुणाची ते मी कुणाला सांगितलं नाही. कृपाला सांगितलं, ते नंतर. ऐकून ती कंबर धरत जवळ येऊन बसली. मग म्हणाली, "असं होय. मग रंगही त्याच्याजवळचाच मागवा."

रंगाचं सांगतो. एजंटानं एक जाड पुठ्ठा पाठवला, त्यावर रंगांचे चौकोन चिकटवलेले. थोरल्या सुनेनं वाचून दाखवलं, सायीचा, काळा, राखी, किरमिजी आणि एक हिरवा. तिला विचारलं, हिरवा कसा आहे? ती म्हणाली, "मामंजी, विहिरीतल्या शेवाळासारखा आहे." तो मला नको होता. मला दुसरा हिरवा हवा होता. तसं लिहिलं तर एजंटाचं उत्तर आलं की असा रंग आजवर कुणी मागितला नाही, कंपनी मुद्दाम मिसळून देईल, पण नमुना पाठवा. महिनाअखेर नमुना पोचला नाही तर गाडी पुढच्या नंबराला. पुढच्या नंबरावर एक साखर कारखानदार टपून बसला आहे, हेही त्यानं आपणहून लिहिलं.

आता तू म्हणशील, ज्याला आयुष्यात लाल आणि हिरवा वेगळा दिसला नाही, त्यानं रंगासाठी एवढा जीव का टाकावा? बरोबर आहे. लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात बागेतल्या मिरच्या तोडायला लावायचे ते आठवतं? मेट्रनबाई सांगायच्या, पिकलेल्या लालच तोडा. माझ्या टोपलीत सगळा घोळ. पहिल्या दिवशी पाठीत रपाटे बसले. दुसऱ्या दिवसापासून तू बाईंच्या आधी माझ्याजवळ यायचास, उकिडवा बसून माझी टोपली निवडायचास, आणि हिरव्या आपल्या टोपलीत टाकून घ्यायचास. रपाटे तुला बसायला लागले. तू बाईंना कधी बोलला नाहीस आणि मलाही कधी बोलून दाखवलं नाहीस. मला वाटायचं, सगळ्यांनाच मिरच्या अशा एका मातकट रंगाच्या दिसतात आणि मीच तेवढा आळशी आहे. माझ्या डोळ्यांत काय कमी आहे ते जगात सगळ्यांत आधी तुला कळलं.

आणि मग दौंड. आपण दोघं इंजिनावर फायरमन व्हायला गेलो होतो. पुढं ड्रायव्हर व्हायचं, एकाच इंजिनावर शिट्टी मारत शिरूरच्या पोरांना दाखवायचं, असा बेत. रेल्वेच्या दवाखान्यात अंधाऱ्या खोलीत डॉक्टर कंदील घेऊन बसलेले. कंदिलाला बारीक रंगीत काचा. एकेक उमेदवार आत जायचा आणि दिसेल तो रंग मोठ्यानं सांगायचा. आदल्या संध्याकाळी तू माझ्याशी भांडलास. "शल्या, तू ह्या नोकरीत पडू नकोस. मागं डब्यांत माणसं बसलेली असतात रे." मी हसण्यावारी नेलं. मी बेत करूनच आलो होतो. बाहेरच्या ओसरीत फळीच्या भिंतीला कान लावून बसलो. लाल, हिरवा, पांढरा, हिरवा, हिरवा, लाल. प्रत्येकाला डॉक्टर त्याच क्रमानं दाखवत होते. माझं स्तोत्रासारखं पाठ झालं. माझ्या आधी तू गेलास आणि पास झालास. मग मी गेलो, आणि डॉक्टरांनी क्रम बदलला. पुढचं तुला ठाऊक आहे. मी हिरव्याला लाल म्हटलं, लालला हिरवा म्हटलं, मग घाम पुसत सगळ्यांनाच पांढरा म्हटलं. डॉक्टर भला माणूस. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाळ, दुसरं काहीतरी कर. तुझे कान फार चांगले आहेत म्हणे."

त्या एका वाक्यावर मी पोट भरलं, बन्या. शिरूरला परत आलो तर मिशनच्या साहेबांची मोटार बंद. मला तिच्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कुठं खडखडतंय ते ऐकू येत होतं. साहेबांनी पुण्याच्या गॅरेजात चिकटवलं. पुढं मोडकी लॉरी, मग धड लॉरी, मग बस. आज नगर रस्त्यावर माझ्या गाडीचा आवाज ऐकून लोक घड्याळ लावतात. सिग्नल ओळखता येत नाही म्हणून ज्याला परत पाठवला, त्याच्या गाड्यांत बसून रेल्वेचे बाबू दौंड स्टेशनला येतात. ह्याचं मला अजून हसू येतं.

पण त्या गाड्यांत तू कधी बसला नाहीस. हे मी बोलायचं टाळत आलो, आज लिहितो. माझ्या लग्नाला तू दौंडहून टांग्यानं आलास आणि जेवणाआधी निघालास. पोरांच्या बाप्तिस्म्याला आलास, दाराशी उभा राहिलास. माझ्या आईला माती दिली त्या दिवशी मी स्वतः बस काढली, तुला सोडायला. तू म्हणालास, "चालायची सवय आहे मला." इंजिनावर बसणाऱ्या माणसाला कसली चालायची सवय? आणि मी दौंडला तुझ्या क्वार्टरवर आलो की तू हटकून ड्यूटीवर. राहेलवहिनी चहा देता देता तुझ्या वतीनं लाजायच्या. एकदा मात्र तू घरी सापडलास, आणि मी निघाल्यावर ओसरीवर त्या तुला विचारत होत्या, "तुमचं आणि शलमोनभाऊंचं बिनसलंय का?" तू म्हणालास, "त्याच्या गाडीत बसायला मला तोंड नाही." मी आवारात चपला घालत होतो. हळू बोललास तू, पण माझे कान तुला माहीत आहेत.

आता एक संध्याकाळ सांगतो. बस नवीन होती तेव्हाची. दौंडच्या अलीकडच्या फाटकाशी मी खाली उतरून उभा होतो. फाटक बंद होतं आणि दिवेलागण झाली होती. लांब सिग्नलचा दिवा लागला होता. मी हरिबाला सहज विचारलं, "कोणता रे तो?" तो म्हणाला, "मालक, लाल न्हाई का? यवढा रक्तावानी पेटलाय." मी बघत राहिलो. मला नुसता दिवा दिसत होता. बघता बघता सिग्नलचा हात खाली पडला, दिवा बदलला म्हणे, मला दिव्यात फरक कळला नाही. आणि मेल आली. उजेडलेल्या खिडक्या, एक बाई पोराला खिडकीतून काहीतरी दाखवत होती, कुणी डबा सोडून बसलेलं, एक म्हातारा टोपी सावरत होता. सगळे निर्धास्त. पुढच्या माणसाला दिसतं, एवढ्या एका भरवशावर निर्धास्त. इंजिनावर तू होतास की दुसरा कुणी, ते धुरात दिसलं नाही. मी टोपी काढून हातात धरली. हरिबा म्हणाला, "ऊन लागलं का मालक?" दिवस बुडाला होता.

त्या दिवशी माझ्या मनातलं उरलंसुरलं निघून गेलं. हो, काहीतरी होतं. कारण बन्या, दवाखान्यात तू आत होतास तेव्हाही मी ओसरीत फळीला कान लावूनच होतो. तुझे रंग सांगून झाले, तरी तू उठला नाहीस. तू डॉक्टरांना म्हणालास, "साहेब, माझ्यामागं माझा भाऊ येतोय. त्याला दिवे उलटसुलट दाखवा. त्याचे कान फार चांगले आहेत." डॉक्टर म्हणाले, त्याचं नाव आत्ताच खोडतो. तू म्हणालास, "नको, माझ्या तोंडून नको. तुम्हीच बघा आणि ठरवा."  हे सगळं मी ऐकलं, तरी हट्टानं आत गेलो, आणि चिडून घरी आलो. राग फाटकाशी संपला, पण तुला सांगायचं राहिलं. तुला वाटत राहिलं की मला माहीत नाही, आणि कळलं तर मी तोंड बघणार नाही. माझ्या गाडीत बसलास तर जणू चोरीचं खातोयस. अरे, ह्या सगळ्या गाड्या तुझ्या त्या एका बोलण्यातून निघाल्या आहेत. आणि त्या फाटकातून निर्धास्त गेलेली माणसंही. तू माझी टोपली निवडलीस, दुसऱ्यांदा. रपाटे ह्याही वेळी तूच खाल्लेस. त्याबद्दल मी तुझे आभार मानतो, आणि त्यासाठीच हे पत्र लिहिलं. तू ऑक्टोबरात रिटायर होतोस, गाडी त्याआधी बंदरात उतरेल. तुझ्या ड्यूटीच्या पेटीतल्या हिरव्या बावट्याच्या कडेचा बोटभर तुकडा मला पाठव. रेल्वेचा बावटा कापणं तुझ्या जिवावर येईल, तर बाजारातून त्याला जुळणारं कापड आण, पण स्वतःच्या डोळ्यांनी जुळव. कृपा देत होती जुळवून, मी नको म्हटलं. शेवटची गाडी घेऊन तू दौंडला उतरशील तेव्हा त्या रंगाची माझी गाडी स्टेशनबाहेर उभी असेल. मला ती राखी दिसेल का मातकट, देव जाणे, तुला हिरवी दिसली म्हणजे झालं. दुसरी जागा तुझी आहे. शिरूरपर्यंत मीच चालवीन, इंजिनाचं मी ऐकत राहीन. फाटकापाशी मात्र दिवा कोणता ते तू सांगायचंस.

तुझ्या शेजारच्या जागेवरचा, तुझाच
शलमोन