पदराखालची तीन बोटं

प्रिय,

पुढं तुमचं नाव लिहाले हात धजत नाही. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण काल रात्रीपासून रागानं मनात कितीदा घेतलं! उचक्या लागल्या असतील तर लागू द्या.

अमेरिकेत लढाई जुंपली अन् इथं कापसाचं सोनं झालं. साहेब लोक अकोल्याले उतरले, दलालांच्या पोरांले इंग्रजी पायजे झाली, अन् तुमी अमरावती सोडून शिकवाले गेले. होळीले नेतो म्हणाले होते. होळी गेली, आखाजीबी गेली. म्हणे, खोलीच भेटत नाही. मले काय खुळी समजता?

आठवते का, चुलीपाशी बसून तुमी मले शिकवत होते? आय केम, आय कम, आय विल कम. सारं डोक्यात कालवून जाय. मंग मीच तुमचा हात पदराखाली घेतला. आमचे बाबा कापसाच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, कोणाले दिसत नाही, तसं. एक बोट म्हणजे झालेलं, दोन म्हणजे होऊन राहिलेलं, तीन म्हणजे होणार. किती हसले होते तुमी! मले वाटलं, हे आपल्या दोघांचंच.

काल तुमचा विद्यार्थी पुंजाराम गाडी घेऊन आला. मोठ्या कौतुकानं सांगे, गुरुजी रुमालाखाली बोटं दाबून शिकवतात, पोरं पटापट शिकतात. पोरांचं ठीक आहे हो. पण तुमची घरमालकीण, ती विधवा माणिकबाई, तेबी शिकते म्हणे! अन् साऱ्यांत हुशार तेच! तिच्या घरात दोन खोल्या रिकाम्या आहेत, हेबी तो भोळा बोलून गेला. पाणी कुठं मुरते, ते त्याले नाही समजलं. मले समजलं. देवा, खोटं निघू दे, मीच तोंडात मारून घेईन.

हे पत्र पुंजारामच तुमाले देईल. वाचून झालं की बाहेर पाहा. त्याच्या गाडीत मी बसली आहे. रुमालाखाली ठरलेलं बाजारात कोणी मोडत नाही, असं बाबा म्हणतात. तवा बोलू नका, साऱ्यांसमोर या अन् माह्या पदराखाली हात द्या. तीन बोटं दाबली तर गाठोडं उतरवते. एकच दाबलं, तर पुंजारामले म्हणा, बैल सोडू नको.

अजून तरी तुमचीच,
सुभद्रा