जादा मोजणी

प्रयोगशाळेचं वसतिगृह,
३ नोव्हेंबर २०२५

ती. सुरेखाताईस,
मेघाचा सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की आप्पा स्पीकर लावून शेजाऱ्यांनाही ऐकवतात, म्हणून पत्र.

मी नेमकं करते काय, असं विचारलं होतंस. हेलियम गॅस भयंकर गार करून त्यावर आम्ही न्यूट्रॉन सोडतो आणि किती बाजूला उडाले ते मोजतो. गॅस गरम असला की सगळे अणू सारखेच. गारठा वाढला की त्यांचा स्वभाव उघडा पडतो. एका प्रकारचे हेलियम अणू एकमेकांजवळ सरकतात, मोजणी थोडी वाढते. दुसऱ्या प्रकारचे एकमेकांना टाळतात, तिथं घटते. आमचा गॅस पहिल्या प्रकारचा.

मोजणी वाढली, पण गणितापेक्षा कितीतरी जास्त. आमच्या गटाचे सर फार खूश आहेत. त्यांनी वर कळवूनही टाकलं. मला मात्र त्या आकड्याची भीती वाटते. एवढ्या विरळ गॅसमध्ये एवढा फरक पडू नये.

आप्पांना इतक्यात काही सांगू नकोस. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मेघा


पडेगाव, छ. संभाजीनगर,
७ नोव्हेंबर २०२५

चि. मेघास,
अनेक आशीर्वाद.

उशीर झाला, बाई. पत्र आप्पांच्याच हाती पडलं आणि सर खूश आहेत एवढंच त्यांनी वाचलं. रविवारी, सोळा तारखेला, मारुतीपुढं तुझा सत्कार ठरलाय. तुझ्या सरांना प्रमुख पाहुणे म्हणून पत्रिकासुद्धा गेली. सर्जेरावकाका अध्यक्ष! बांधावरून त्यांचं नि आप्पांचं बोलणं बंद होतं, तुझ्या त्या दुसऱ्या प्रकारच्या अणूंसारखं. आता दोघं एका सतरंजीवर बसून फेटे मोजतात. मनकर्णाआत्या विचारत होती, पोरगी लई थंडीत काम करती, तर स्वेटर नेला का नाय.

तुझ्या भीतीचं म्हणशील तर तू लहानपणापासूनच भित्री. सत्कार होईस्तोवर सरांशी वाद घालू नकोस. आई गेल्यापासून आप्पांना इतकं आनंदात मी पाहिलं नव्हतं.

जीवाला जप, पत्र टाक.

तुझी ताई,
सुरेखा


वसतिगृह,
११ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गप्पच बसणार होते. पण काल कुपीतला अर्धा गॅस काढून पाहिला. वाढ गॅसच्या स्वभावामुळं असती, तर ती निम्म्याहूनही खाली यायला हवी होती. ती तसूभर हलली नाही. म्हणजे तिथं गॅसखेरीज आणखी काही आहे.

मला वाटतं, बर्फ. कुपी द्रव हेलियमच्या भांड्यात बुडलेली असते आणि त्याची वाफ एका नळीतून बाहेर पडते. त्याच नळीतून दमट हवा आत शिरून गोठली असावी. पाण्यातल्या हायड्रोजनवरून न्यूट्रॉन सैरावैरा उडतात. खाली एवढा बर्फ, तर वर नळीत किती? नळी बुजली असेल, तर प्रयोग संपल्यावर भांडं गरम करताना वाफेला वाटच उरणार नाही, भांडं फुटेल. सुरक्षेची झडप आहे, पण बर्फाच्या वर; खालचा दाब तिथवर पोचणारच नाही.

सरांना सांगितलं. ते हसले, दाबमापक काहीच दाखवत नाही, म्हणाले. मापकही बर्फाच्या वरच आहे, ताई. मग त्यांनी आप्पांची पत्रिका पुढं केली आणि वडिलांना काय सांगायचं ते तूच ठरव, असं म्हणाले. मी पत्रिका घेऊन परत आले. कदाचित माझंच चुकत असेल.

शुक्रवारी सकाळी भांडं गरम करायचंय. झडपेपाशी मी आणि माझी जोडीदारीण अमृता. तू म्हणालीस तसं, रविवारपर्यंत वाद घालत नाही.

आप्पांना नमस्कार. तुझा जीव माझ्यावर असाच राहो.

मेघा


पडेगाव,
१५ नोव्हेंबर २०२५

मेघा,

मायना लिहायला हात वळत नाही. तुझं पत्र आज दुपारी मिळालं. शुक्रवार काल होता.

तुझ्या फोनची नुसती घंटी वाजते. सरांचा बंद आहे. वसतिगृहातल्या बाई म्हणाल्या, पोरी काल सकाळी गेल्या त्या परतल्या नाहीत आणि तिकडचा रस्ता अडवलाय. पुढं काही सांगेनात. आप्पा अंगणात मांडववाल्याशी हुज्जत घालतायत. मला अजून त्यांच्यासमोर जाववत नाही.

तुझ्या भावजींनी गाडी काढलीय. हे पत्र मी पेटीत टाकत नाही, बरोबर घेऊन निघालेय. मी तुला गप्प बस म्हणाले, ते चुकलं, बाई. वाद घाल. सरांशी घाल, आप्पांशी घाल, माझ्याशी तर आधी घाल.

एवढं पत्र घ्यायला हात तेवढा पुढं कर.

सुरेखा