खोबरेल प्यायलेली रायफल

देवबाग

प्रिय नमू,

तुझा खोका पोचला. तू पुन्हा पुन्हा विचारत राहिलीस आणि मी नुसता अंगठा पाठवला, त्याचा राग आला असेल तर येऊ दे. मोबाईलवर काही लिहिलं असतं तर तू एक हसरा चेहरा पाठवून मोकळी झाली असतीस, आणि शेजारी बसलेल्या ओमकारने मान वाकडी करून ते वाचलंही असतं. म्हणून कागदावर लिहितेय. हे त्याला दाखवायचं नाही.

खोका मी पडवीतच उघडला. नवी नळी, जाड स्प्रिंग, मोटर आणि एका चिमुकल्या पिशवीत ते नखाएवढं रबर. इतकं जपून गुंडाळलेलं, की अम्मीला वाटलं तू दागिना पाठवलास. रायफलीचे भाग आहेत म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. पण कुंपणापलीकडून हवाबीचाची डोकावत होती, तिला मात्र अम्मीने लगेच नेहमीचा खुलासा केला, की खरी बंदूक नाही हो, खेळातली आहे, प्लास्टिकच्या गोळ्या उडतात. खोक्याच्या तळाशी चिठ्ठी निघाली. ‘आता तरी त्या स्टॉक रायफलीला अपग्रेड करा.’ अक्षर ओमकारचं. माझा तिळपापड झाला. पार्सल तू पाठवायचंस आणि चिठ्ठी त्याने लिहायची, हे कधीपासून? आणि ‘करा’ काय? मी काय त्याची मावशी लागते?

तर सांगून टाकते, नमू. मी जळते त्याच्यावर. तू त्याच्याशी लग्न करणार असशील तर खुशाल कर, मांडवात मी सगळ्यात पुढे नाचेन. मला पोटात दुखतं ते वेगळ्याच गोष्टीचं. तुमच्या पुण्याच्या टीमच्या प्रत्येक फोटोत तो तुझ्या पाठीला पाठ लावून बसलेला असतो. ती जागा माझी होती.

चंदनदादाने सुरूच्या बनात पर्यटकांसाठी एअरसॉफ्टचं मैदान काढलं, तेव्हा गावात सगळे त्याला हसले होते. आपण दोघी कॉलेजच्या सुट्टीत तिथे कामाला, मुंबईच्या पाहुण्यांना चष्मे लावून द्यायला आणि रायफल कशी धरायची ते दाखवायला. पाहुणे जेवायला गेले की बन आपलं. तू पुढे आणि मी मागे. ‘नाझ, माझ्या पाठीक रव,’ एवढं म्हणायचीस आणि सुटायचीस. त्या खेळात पंच नसतो हे मला फार आवडायचं. गोळी लागली की ज्याला लागली त्यानेच सांगायचं, हात वर करायचा आणि बाहेर जायचं. पाहुणे ‘हिट’ म्हणायचे, आपण आपलं ‘मेलंय!’ ओरडायचो. अम्मी एकदा डबा घेऊन आली आणि ते ऐकून केवढी भडकली होती! ‘तिन्हीसांजेक मेलंय मेलंय काय बोंबालतास गो चेडवांनो?’ तरी आपण तो शब्द सोडला नाही. कितीही लांबून लागो, पालापाचोळ्याच्या आवाजात कुणाला कळलं नसतं तरीही, तू ओरडलीस आणि मी ओरडले.

दादाने नव्या रायफली आणल्यावर जुन्यातल्या दोन आपल्याला दिल्या. तुझी तू पुण्याला नेलीस. आता तिचं वरचं कवच तेवढं जुनं आहे म्हणतेस, आतलं सगळं ओमकारने बदलून दिलं. माझी मात्र कंपनीतून आली तशीच आहे, ओमकारच्या भाषेत ‘स्टॉक’. अगदी तशीच म्हणता येणार नाही, कारण मी तिला खोबरेल पाजलं होतं. आपल्याकडे दाराची बिजागरी करकरली तरी खोबरेल, कात्री अडली तरी खोबरेल. खाऱ्या हवेने रायफल गंजेल म्हणून मीही घातलं, आणि आतलं रबर फुगलं. दादाने कपाळावर हात मारला होता. ‘रायफलीक कोण खोबऱ्याचा त्याल घालता गो?’ तेव्हापासून माझी प्रत्येक गोळी जाता जाता डावीकडे वळते. हे जगात दोघींनाच नीट माहीत. तूच मला शिकवलंस, की उजवीकडच्या झाडावर नेम धर, म्हणजे डावीकडच्या माणसाला बरोबर बसेल.

आता तुझं हे नवं रबर बसवलं की गोळी सरळ जाणार, स्प्रिंग बदलली की लांब जाणार. दादा रोज मागे लागतो, ‘स्टॉक ती स्टॉकच. बसव ते पार्ट, इचार कित्याक करतंस?’ मी त्याला सांगते, जाड स्प्रिंगने आतली दातेरी चाकं झिजतील, मग ती बदला, मग बॅटरी बदला, एकाला हात लावला की सगळंच बदलावं लागतं. तो म्हणतो, मग बदल. त्याचं बरोबर आहे, हे मला कळतं. दमट दिवसांत माझी गोळी चार झाडांपलीकडे जाताना रडते. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मी दोनदा बसले आणि दोनदा उठले. रायफल उघडीच पडली आहे चटईवर, आणि अम्मी तिला ओलांडून जाताना पुटपुटते.

माझं घोडं अडलंय ते दिवाळीतल्या खेळापाशी. तुम्ही पुण्याहून आलात, गाव विरुद्ध पाहुणे असा डाव पडला आणि तू पाहुण्यांत उभी राहिलीस. मी खाडीच्या बाजूला, आडव्या पडलेल्या माडामागे होते. तू सुरूच्या आडून अर्धी दिसत होतीस. मी उजवीकडच्या झाडावर नेम धरला आणि चाप ओढला. गोळी वळताना मला दिसली. मग तुझा डावा हात मानेकडे गेला, केस सारल्यासारखा. गोळी लागली की तुझा हात नेहमी तसाच जातो, ओरडण्याच्या आधी. मी ओरडण्याची वाट पाहिली. तुझ्या मागून ओमकार हसत म्हणाला, ‘अगं, ती स्टॉक आहे, इथपर्यंत पोचतच नाही!’ तू त्याच्याकडे पाहिलंस. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे. आणि हात खाली घेतलास. पुढच्याच क्षणी मला त्याची गोळी बसली. मी ‘मेलंय’ म्हणून एवढ्या मोठ्याने ओरडले, की किनाऱ्यावर जाळं ओढणारी माणसं वळून बघायला लागली. तुम्ही जिंकलात. रात्री सगळ्यांनी मिळून सुरमई खाल्ली आणि माझ्या रायफलीची चेष्टा झाली. तूही हसलीस.

आणि त्यानंतर हा खोका आला. नाताळच्या सुट्टीत तुम्ही पुन्हा येताय, मी त्याआधी रायफल सुधारावी अशी तुझी इच्छा आहे. नमू, माझी गोळी पोचत नव्हती म्हणून हे पाठवलं असशील, तर मी यातला एकही भाग बसवणार नाही, जसाच्या तसा परत करीन. पोचली होती, तरी आणखी लांब जावी म्हणून पाठवलं असशील, तर आज संध्याकाळी बसवते, आणि त्या फुगलेल्या रबराला समुद्रात सोडून येते. मग तू पाहुण्यांत उभी राहा, ओमकारच्या पाठीला पाठ लावून बस, मी जळेन पण खेळेन. खोका दारात पडला आहे, त्याचं काय करायचं ते तुझ्या उत्तरावर आहे. ते उत्तर तुझ्याशिवाय कुणाकडेच नाही, म्हणून हे पत्र. सारवासारव नको, कारणं नकोत. एका कोऱ्या कागदावर फक्त आपला तो शब्द लिहून पाठव. उशीर झाला तरी मी तो धरीन.

अजूनही तुझ्याच पाठीशी असलेली,
तुझीच नाझ