सीतेच्या खांद्याचा टाका

१३ मार्च १९५८

नाही, म्हातारचळ नाही लागलेला. हौसही नाही. चौसष्टाव्या वर्षी शिंप्याने दुकान सोडून दुसऱ्याच्या खेळात का पडावं, असं कोणी विचारलंच तर उत्तर तयार असावं म्हणून लिहितो.

काल देवाप्पा नावाचा म्हातारा दोन पांढरी धोतरं जोडून घ्यायला आला. कशाला, विचारलं. म्हणाला, पडदा. मागे दिवा ठेवून चामड्याच्या रंगीत बाहुल्या नाचवायच्या, रामायण सांगायचं. बापजाद्यांचं काम. खेळ कानडीत, पण बरोबरच्या बायकोवर, यल्लव्वावर, खेकसला तो मराठीत. म्हणजे आपलाच माणूस. शहराबाहेर हेब्बाळच्या तळ्याकाठी राहतो. खेळाला कोणी बोलवत नाही म्हणून मासे धरतो.

ठरवलं. ही कला मी वाचवणार. रामनवमीपर्यंत.

अनुसूया जेवताना म्हणाली, मागच्या वर्षी तुम्ही भजनी मंडळ वाचवलंत, त्यातले चौघे आता दुसऱ्या देवळात जातात. बायकोला मोठं काम कळत नाही.

१६ मार्च

इथल्या मराठी समाजाची कमिटी. सेक्रेटरी विश्वासराव. बँकेत क्लार्क, म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतो. म्हणाला, दिवा नको, धूर होतो, शंभरचा बल्ब लावू. देवाप्पा कोपऱ्यातून म्हणाला, बल्ब हालत नाही अण्णा. ज्योत हालती, म्हणून बाहुली श्वास घेती.

मी टेबलावर हात आपटला. दिवाच. पास.

बाहेर देवाप्पाने माझे दोन्ही हात धरले. असलं मला आवडत नाही. स्वल्प वेळ धरू दिले. म्हणाला, लोक शेवटपर्यंत बसले तर मी आणि यल्लव्वा पुन्हा गावं फिरायला लागतो. नाही बसले तर हा शेवटचा खेळ. मग जाळं आहेच.

म्हणालो, बसतील. माझ्यावर सोड.

२३ मार्च, रविवार

हेब्बाळला प्रॅक्टिस बघायला गेलो. दहा मिनिटांत परत यायचं ठरवून. बायकांचे सगळे आवाज यल्लव्वा काढते. दात चारच आहेत, पण अशोकवनातली सीता गायली तेव्हा कोणी दात मोजत बसणार नाही. सीता कपाळाला हात लावते. एवढंच करते. बस चुकली. नंतरची होती, तीही चुकली.

एक दोष दिसला. बाहुल्यांचे हात खांद्याशी एकेका दोऱ्यावर नुसते लोंबतात. अख्खी सीता एका गाठीवर. असलं काम माझ्या दुकानातून बाहेर पडणार नाही. बोललो नाही. लगेच बोलून उपयोग नसतो, करून दाखवावं लागतं.

२७ मार्च

बाहुल्यांची टोपली माझ्याकडे आली. देवाप्पा आणि यल्लव्वा खेळासाठी धर्मशाळेत उतरलेत, तिथे उंदीर. मीच म्हणालो, इथे ठेव, माझी जबाबदारी. तो म्हणाला, राम आणि रावण वेगळे बांधलेत अण्णा, एकत्र करू नका.

दुपारी दुकान बंद केलं. दाभण घेतलं, मेणाचा दोरा घेतला. मिलिटरीच्या होल्डॉलला घालतो तो टाका, डबल. अकरा बाहुल्या केल्या. सीता पहिली. आता ओढून बघा कोणीही.

अनुसूया म्हणाली, त्याला एकदा विचारा तरी. काय विचारायचं? चाळीस वर्षं शिवतोय. ऐन वेळी बघून खूष होऊ दे. राम आणि रावण वेगळेच बांधले. शब्द पाळला.

२९ मार्च, रामनवमी

हॉल फुल. गुळाचं पानक, मूगडाळीची कोसंबरी सगळ्यांना पुरली. माझं स्पीच थोडक्यात आटोपलं, वीस मिनिटं.

खेळ सुरू झाला. हनुमान पडद्यावर आला आणि वाळत घातलेल्या शर्टासारखा राहिला. लोक हसले. मला वाटलं, रंगतंय. मग रामाने धनुष्य उचललं नाही. लोक आणखी हसले. विश्वासराव कानात म्हणाला, ह्यांना संधिवात आहे का हो. पुढच्या रांगेतल्या बायका चपला शोधायला लागल्या.

यल्लव्वा गात होती. सीतेचा हात कपाळाला जाईना. यल्लव्वा तीच ओळ पुन्हा म्हणाली. पुन्हा म्हणाली. मग पडद्यामागे चर्र झालं आणि हात निघूनच आला.

मागे गेलो. देवाप्पा सीतेला दिव्यापाशी धरून खांद्यावरून अंगठा फिरवत होता. त्याने विचारलं, कोणी केलं. म्हणालो, मी. पैसे नकोत.

तो म्हणाला, घट्ट आहे अण्णा.

स्वतः म्हणाला. लिहून ठेवतो.

३० मार्च

नीट विचार केला. चूक माझी नाही. कातडं जुनं. प्रॅक्टिस कमी. हनुमान मुळातच जड. आणि विश्वासरावाचा बल्ब असता तर लोकांना काही दिसलं तरी असतं.

पुढचा प्लॅन: टाके उसवायचे, पुन्हा दोऱ्यावर घ्यायचं. एका दिवसाचं काम.

कापडाला भोकं पडली तर पाणी मारून मिटतात. कातड्याची मिटत नाहीत. एका तुकड्यावर करून बघितलं.

२ एप्रिल

नवा प्लॅन. नवीन बाहुल्या करून घ्यायच्या. दसऱ्याला मोठा शो. कमिटी नको, मी एकटा पुरे. हरणाचं कातडं कुठे मिळतं ते विचारलं, एक नमुना आणला.

६ एप्रिल, रविवार

हेब्बाळला गेलो. कातड्याचा नमुना बरोबर.

यल्लव्वा झोपडीपुढे मासे साफ करत होती. म्हणाली, बसा अण्णा. टोपली कुठे, विचारलं. तिने हात न थांबवता सांगितलं. जिचा हात उठत नाही ती बाहुली ह्यांच्यात घरात ठेवत नाहीत. विकतही नाहीत. मढ्यासारखं करतात. गुरुवारी हळदकुंकू लावलं, दहीभात दाखवला आणि तळ्यात सोडल्या.

म्हणालो, अकराच खराब होत्या ना. बाकीच्या?

म्हणाली, सीता गेल्यावर राम कुणाला हुडकणार?

नमुना दाखवला. सगळ्या बाहुल्या नव्या करू म्हणालो. ती म्हणाली, कातरणारा माझा सासरा होता, त्याला जाऊन वीस वर्षं झाली. ह्यांना नाचवायला येतं, कातरायला येत नाही. हे रागाने म्हणाली नाही. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

देवाप्पा पाण्यात उभा होता. हाक मारली, अण्णा, एवढं टोक धरा. जाळ्याचं टोक धरलं. किती वेळ ते बघितलं नाही. तो माशांबद्दलच बोलला. निघताना चार मासे पानात बांधून दिले. आमच्यात खात नाहीत हे त्याला माहीत नव्हतं. घेतले.

घरी अनुसूयाने विचारलं, काय झालं. काही नाही म्हणालो. ह्या विषयावर मी बोलणार नाही, लिहिणारही नाही.